लाखोळी व लॅथिरिझम

लाखोळी (लाख, लाखोरी; हिं. खेसारी, तिवरा, लॅ. लॅथिरस सॅटिव्हस) : पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या धानपट्ट्यातील रब्बी कडधान्य. धान कापणीस येण्याआधी, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात बी फेकतात. नांगरट, खत, ओलीत काहीच लागत नाही. या पद्धतीस उतेरा म्हणतात. फूल बहुधा निळे, बी कोनदार व एका कडेस चेपलेले असते. अख्खे बी लगेच ओळखू येते. डाळ झाल्यावर तुरीत आणि पीठ झाल्यावर बेसनात ते सहज खपते. त्यात सुमारे २८% प्रथिने असतात. लायसीन हे अमिनो अम्ल भरपूर, मेथिओनीन हे गंधकयुक्त अमिनो अम्ल कमी.

या कडधान्याच्या अतिसेवनाने होणारा पायांचा कडक पांगळेपणा म्हणजे लॅथिरिझम. त्याच्या प्राचीनतेविषयी एकमत नाही. सुश्रुतसंहितेतील ‘कलायखंज’ (चालू लागताना थरथरणे, लंगडणे) हाच तो रोग, असे पुष्कळांनी मानले आहे. परंतु सुश्रुताने तेथे आहाराचे कारण दिलेले नाही. साधारणतः सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात त्रिपुट (म्हणजे लाख) हे धान्य पंगुत्व आणणारे म्हटले आहे, आणि हा आधार अधिक भक्कम वाटतो. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर (मध्य प्रदेश) भागातील वृत्तांत दिला आहे : १८२९ मध्ये गारपीट, १८३० मध्ये अवर्षण, १८३१ मध्ये पिकावर रोग, गहू बुडाला, लाख तेवढी तगली, आणि ती खाऊन राहिलेल्या तरुणांचे पाय गेले. ‘लॅथिरिझम’ हे नाव कांतानी या इटालियन वैद्याने १८७३ मध्ये दिले.

कारणाचा वाद बराच लांबला. अँडरसन, हॉवर्ड व सायमनसेन यांनी १९२५ मध्ये दोष लाखेचा नसून तिच्यात मिसळणाऱ्या अक्ता (व्हिसिया सॅटिव्हा) या तणाचा असल्याचे प्रतिपादले. निवडून स्वच्छ केलेली लाख खाऊ घातलेल्या प्राण्यांना काही झाले नव्हते. अक्त्याच्या बियांत पुढे एक विषारी अमिनो अम्ल सापडल्याने या मतास काही काळ बळही मिळाले. १९६४ मध्ये दोन भारतीय संशोधकगटांनी लाखेच्याच बियांतून ओडॅप (बीटा-ऑक्झॅलिल डायअमिनो प्रोपिऑनिक अम्ल) वेगळे केले, आणि तणाचे मत मागे पडले.

ओडॅपची घडण ग्लुटामेट या चेताप्रेषकाशी (चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या द्रव्याशी) मिळतीजुळती असते. ते चेतापेशींवरील ग्लुटामेटच्या ग्राहींना चिकटून पेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करते. मेंदूच्या बाह्यकापासून मेरुरज्जूत उतरणारे प्रेरक तंतू निकामी होतात. झळ पायांना पोचते, हात बहुधा वाचतात. आरंभी पोटऱ्यांत गोळे येतात, मग टाचा टेकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांना घासतात. त्यानंतर एक काठी, दोन काठ्या, शेवटी रांगणे. संवेदना व बुद्धी शाबूत राहते. खाणे थांबवल्यास रोग सहसा वाढत नाही, पण गेलेली शक्ती परत येत नाही. तरुण पुरुषांत प्रमाण अधिक. (प्राण्यांत दिसणारा हाडांचा लॅथिरिझम निराळा, त्यात कोलॅजेन या हाडांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे बंध बिघडतात.)

केवळ बियांतील विषाने सगळ्याचा उलगडा होत नाही. आहारातील ऊर्जेचा तृतीयांश किंवा अधिक वाटा दोन-तीन महिने लाखेचाच असला, तर धोका संभवतो. गंधकयुक्त अमिनो अम्लांची तूट त्यास हातभार लावते, हे मत आता अधिक ग्राह्य दिसते. म्हणूनच मजुरी लाखेत मिळणाऱ्या रीवा (मध्य प्रदेश) भागातील वेठबिगार मजुरांत हा रोग ठळक होता, तर भाताबरोबर वरण म्हणून ती खाणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातील अलीकडच्या पाहणीत त्याचे प्रमाण अत्यल्प आढळले.

विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. लागवड मात्र चालूच राहिली. नागपूरचे शांतीलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन केले आणि महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. रतन, प्रतीक व महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण आहेत.

डाळीचे वडे होतात, कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. ती वाळवून पावसाळ्यासाठीही ठेवतात. ओडॅप पाण्यात विरघळते. त्यामुळे डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिल्यास ते बरेच कमी होते; त्याबरोबर ब गटातील जीवनसत्त्वेही जातात.