कर्नलमध्ये नियम लिहून ठेवावा, की फंक्शनमध्येच घालावा?

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) कोडमध्ये एकच चूक वेगवेगळ्या ड्रायव्हरमध्ये (उपकरणं चालवणाऱ्या कोडमध्ये) सापडू लागली, की दोन उपाय समोर येतात: दस्तऐवजात नियम अधिक स्पष्ट लिहायचा, किंवा तो नियम पाळणारं छोटं हेल्पर फंक्शन बनवून सगळ्यांना तेच वापरायला सांगायचं. नियम केवळ गणिताचा असेल, तर हेल्परच हवा. तिथे दस्तऐवजावर विसंबणं धोक्याचं आहे.

मेमरी मागण्याचं उदाहरण घ्या. एका स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) शेवटी कमीजास्त लांबीचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीने ठेवलेले सारखे घटक, आहे. त्यासाठी ड्रायव्हर लिहिणारा घटकांची संख्या गुणिले घटकाचा आकार, अधिक स्ट्रक्चरचा आकार, असा हिशेब करून के-मॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनला देतो. 32-बिट यंत्रावर 16 बाइटचे 26,84,35,456 घटक मागितले, तर गुणाकार बरोबर 2³² होतो आणि 32 बिटांत उरतं शून्य. मेमरी मिळते फक्त स्ट्रक्चरपुरती, पण लूप सगळे घटक लिहायला निघतो. ही संख्या बाहेरच्या प्रोग्रामकडून येत असेल, तर हल्लेखोराला हवं ते हाती लागतं. ‘गुणाकार तपासा’ हे वाक्य कितीही ठळक लिहिलं, तरी प्रत्येक ठिकाणी ते आठवावं लागतं. 2018 मध्ये कर्नल 4.18 मध्ये आलेला स्ट्रक्ट_साइझ हा हेल्पर हिशेब ओव्हरफ्लो झाल्यास, म्हणजे ठरलेल्या बिटांत न मावल्यास, शक्य तेवढी सर्वांत मोठी संख्या परत करतो. एवढी मेमरी मिळणं अशक्य, त्यामुळे के-मॅलॉक नल (‘मेमरी मिळाली नाही’ ही खूण) देतो, आणि ते तपासण्याची सवय सगळ्यांना असतेच.

पण हेल्परचं आतलं वागणंही पारखावं लागतं. मजकूर कॉपी करणारं स्ट्र-एन-कॉपी घ्या. 16 बाइटच्या बफरमध्ये (मजकूर ठेवायच्या जागेत) 16 अक्षरांचं नाव टाकलं, तर ते मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट लिहीत नाही. मग पुढचं फंक्शन शून्य सापडेपर्यंत शेजारची मेमरी वाचत सुटतं. हे मॅन्युअलमध्ये कधीपासून लिहिलेलं आहे, तरी चुका होत राहिल्या. त्यावर तोडगा म्हणून वापरात आलेलं स्ट्र-एल-कॉपी शून्य बाइट लिहितं, पण मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत करायची म्हणून तो अखेरपर्यंत वाचतं. मूळ मजकूरच शून्याने संपत नसेल, तर पुन्हा तोच घोळ. 2015 मध्ये 4.3 मध्ये आलेलं स्ट्र-एस-कॉपी बफरच्या आकाराबाहेर वाचत नाही आणि मजकूर कापला गेल्यास ऋण एरर कोड देतं. 2024 मध्ये 6.8 मध्ये स्ट्र-एल-कॉपी कर्नलमधून काढून टाकण्यात आलं.

ही अदलाबदल डोळे झाकून करता येत नाही. परत आलेल्या लांबीवरून पुढची जागा मोजणारा कोड अशा बदलाने बिघडतो. डिस्कवरच्या ठरावीक लांबीच्या रकान्यात शून्य बाइट नकोच असतो; तिथे स्ट्र-एस-कॉपी एक अक्षर गिळतं. बदल करण्यापूर्वी तो बफर कोण आणि कसा वाचणार, हे शोधावं लागतं.

मेमरी बॅरियरच्या, म्हणजे मेमरीतलं लेखन-वाचन ठरलेल्या क्रमानेच दिसावं यासाठीच्या सूचनांच्या, बाबतीत तराजू दुसरीकडे झुकतो. एक प्रोसेसर डेटा लिहून मग ‘तयार’ हा फ्लॅग लावतो, दुसरा फ्लॅग पाहून डेटा वाचतो. लिहिणाऱ्याकडे स्टोअर-रिलीज आणि वाचणाऱ्याकडे लोड-अ‍ॅक्वायर, अशी जोडी लागते. त्यातला एक विसरला, तर x86 प्रोसेसरवर चूक बहुधा लपून राहते आणि एआरएम प्रोसेसरवर उघडी पडते. हेल्पर आहेत, पण जोडीदार कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीत आहे, हे कोणतंही फंक्शन सांगू शकत नाही. ते कोडशेजारच्या टिपेतच लिहावं लागतं. म्हणूनच चेकपॅच ही कोडमधले बदल तपासणारी स्क्रिप्ट टिपेशिवाय आलेल्या बॅरियरवर इशारा देते. टीप ‘इथे बॅरियर हवा’ अशी नको. कोणतं लेखन कोणत्या वाचनाआधी दिसायला हवं आणि जोडीचं फंक्शन कोणतं, हे तिच्यात असावं.

या दोन टोकांच्या मधली वाट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. ‘हे फंक्शन बोलावताना लॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारं कुलूप) घेतलेलं असावं’ ही टीप कोडच्या बदलांत सहज जुनी होते. तिच्याजागी लॉकडेप_असर्ट_हेल्ड ही एक ओळ लिहिली, तर वाचणाऱ्याला नियम कळतो आणि लॉकडेप (कर्नलमधली लॉकची तपासणी) चालू असलेल्या कर्नलमध्ये तो मोडताच लॉगमध्ये इशारा येतो. तपासणी चालू नसलेल्या कर्नलमध्ये या ओळीचा खर्च नसतो. मात्र चाचणीत जी वाट चाललीच नाही, तिथली चूक ही ओळ पकडत नाही.