पियानोची पदवी, गेमची नोकरी: योको शिमोमुरा यांच्या सन्मानामागची पार्श्वभूमी

चित्रपट, टीव्ही आणि गेम यांचे पुरस्कार देणाऱ्या ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने एप्रिल २०२५मध्ये आपला सर्वोच्च सन्मान, म्हणजे फेलोशिप, व्हिडिओ गेमना संगीत देणाऱ्या जपानी संगीतकार योको शिमोमुरा यांना दिला. आदल्याच वर्षी गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांतला जीवनगौरवही त्यांना मिळाला होता. ज्या कामासाठी हे सगळं, ते काम त्यांनी पत्करलं तेव्हा घरच्यांनी आणि शिक्षकांनी कपाळाला हात लावला होता.

शिमोमुरा यांचा जन्म १९६७चा, ह्योगो प्रांतातला. १९८८मध्ये ओसाका कॉलेज ऑफ म्युझिकमधून पियानोची पदवी घेतली आणि पियानो शिकवण्याची नोकरीही समोर आली. पण गेमचं वेड होतं, म्हणून त्यांनी गेम कंपन्यांकडे अर्ज केले आणि कॅपकॉमने त्यांना घेतलं. महागडं संगीत शिक्षण घेऊन मुलगी 'टिंग टिंग' वाजवायला निघाली, असं घरच्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. त्या वेळी जपानमध्ये घराघरांत असलेल्या फॅमिकॉम या गेम यंत्रात एकूण पाचच आवाज निघत आणि त्यातला एक नुसता खरखरीचा. 'ड्रॅगन क्वेस्ट' या गेमचे संगीतकार कोइची सुगियामा यांनी गेमचं संगीत वाद्यवृंदापर्यंत नेलं होतं खरं, पण ते या क्षेत्रात आले तेच टीव्ही आणि जाहिरातींत नाव कमावून. कॉलेजातून थेट इथे येणं ही वेगळी गोष्ट होती.

संगीतकार म्हणजे पगारी नोकर, असाच तेव्हा रिवाज होता. वर गेमच्या श्रेयनामावलीत खरं नाव येत नसे. दुसरी कंपनी माणसं पळवील, या धास्तीने टोपणनावं छापली जात. कॅपकॉमच्या १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू' या मारामारीच्या गेममध्ये त्या 'शिमो-पी' आहेत. जगभरच्या पोरांना ज्या चाली तोंडपाठ झाल्या, त्या कुणाच्या हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

त्या गेमचं जवळजवळ सगळं संगीत त्यांचं. त्यातली एक युक्ती मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. दोघांपैकी एका खेळाडूची ताकद संपत आली की मंचावरची चाल जलद लयीत सुरू होते, आणि पडद्यावरच्या ताकद दाखवणाऱ्या पट्टीकडे न बघताही कळतं की आता निकाल जवळ आला. सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा हे आधीच माहीत असतं. इथे सामना दहा सेकंदांत आटपेल की घड्याळ संपेपर्यंत चालेल, हे नाणं टाकणाऱ्याच्या हातात! म्हणून चाल गोल फिरती हवी, कंटाळा न आणणारी हवी आणि कुठेही तोडली तरी चालेल अशी हवी. माझ्या मते शिमोमुरांची खरी तालीम कॉलेजपेक्षा इथे झाली.

आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शाळा बुडवून हा गेम खेळलेल्यांना हातपाय लांब करणारा योगी धालसीम आठवत असेल. त्याच्या मंचावर हत्ती उभे आणि संगीतही 'भारतीय'. तो जपानी कल्पनेतला भारत, त्यात रागदारी शोधू नये. अमेरिकी गाइलची चाल मात्र पुढे इंटरनेटवर कुठल्याही व्हिडिओला जोडायचा विनोदच होऊन बसली.

आर्केडचं, म्हणजे पार्लरमधल्या नाणं टाकून खेळायच्या गेमचं काम जमलं, तरी ओढा होता मोठ्या, शास्त्रीय वळणाच्या रचनांकडे. त्यासाठी १९९३मध्ये त्या स्क्वेअर कंपनीत गेल्या. तिथल्या 'लाइव्ह अ लाइव्ह'मध्ये (१९९४) आदिमानव, निंजा, काउबॉय, अंतराळ अशी प्रकरणं आहेत आणि दर प्रकरणाला वेगळा बाज. फॅमिकॉमच्या पुढच्या पिढीच्या सुपर फॅमिकॉम यंत्रात आवाजासाठी मेमरी होती ६४ केबी, म्हणजे आजच्या एका व्हॉट्सअॅप फोटोपेक्षाही कमी. पुढे सीडीवरचे गेम आले आणि जागेची ही चणचण संपली. १९९८च्या 'पॅरासाइट ईव्ह'ची सुरुवात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ऑपेराच्या प्रयोगात होते. गायिका गाते आणि प्रेक्षक बसल्या जागी पेट घेतात. ऑपेरातलं गायन आणि थंड इलेक्ट्रॉनिक ठेका यांचं हे मिश्रण जपानबाहेर त्यांचं नाव करून गेलं. त्यांच्या स्वतःच्या मनाच्या सर्वांत जवळचं काम मात्र 'लिजंड ऑफ माना' (१९९९).

'किंगडम हार्ट्स' मालिकेचा पहिला गेम (२००२) करून त्या स्क्वेअरमधून बाहेर पडल्या आणि स्वतंत्रपणे काम करू लागल्या. नोकरी सुटली, पण काम सुटलं नाही. त्या मालिकेचं संगीत पुढेही त्यांच्याकडेच राहिलं. २००९मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने त्यांच्या रचना मैफलीत वाजवल्या, २०२१च्या टोकियो ऑलिंपिकच्या संचलनात 'किंगडम हार्ट्स'ची धून वाजली. स्क्वेअरच्याच 'फायनल फँटसी पंधरा'चं संगीतही बाहेरच्या संगीतकार म्हणून त्यांनी केलं. तो गेम २००६मध्ये वेगळ्याच नावाने जाहीर झाला आणि बाजारात यायला २०१६ उजाडलं. मधल्या दहा वर्षांत गेमचं नाव बदललं, दिग्दर्शकही बदलला. संगीत शिमोमुरांकडेच राहिलं.