कर्क्युमिन आणि मज्जारज्जूची दुखापत

कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा पदार्थ, हळदीत साधारण 2 ते 5 टक्के असतो, आणि मणक्याला मार लागून पायांची ताकद गेलेल्या माणसाच्या नसा परत वाढवता येतील का म्हणून ज्या नैसर्गिक पदार्थांवर प्रयोग चालतात त्यात ह्याचं नाव कायम असतं. सांगलीत हा विषय लगेच जवळचा वाटतो, इथं मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत, 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. कापलं की हळद दाबायची ही आपली सवय, मग मणक्यातली जखमही हळदीनं भरेल असं घरच्यांना वाटणारच.

पण मज्जारज्जूचं, म्हणजे मणक्याच्या आतून जाणाऱ्या नसांच्या जुडग्याचं, तसं नसतं. हातापायातली नस तुटली तर दिवसाला साधारण 1 मिलिमीटरनं वाढू शकते, मज्जारज्जूतली नाही वाढत, कारण तिथल्या नसांच्या वेष्टणात नोगो नावाचं प्रथिन असतं ते वाढ अडवतं आणि वर जखमेचा व्रण आडवा येतो. 1981 ला डेव्हिड आणि अग्वायो या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला तेव्हा मज्जारज्जूतले तंतू त्यातून लांबवर वाढले, म्हणजे नसेत दम असतो, आजूबाजूची जागाच तिला वाढू देत नाही!

कर्क्युमिनचा उपयोग दिसतो तो मुख्यतः सुजेवर. मार लागल्यावर पुढचे कित्येक दिवस आत सूज चढत राहते आणि वाचलेल्या पेशीही मरतात, ती सूज पेटवणारं एनएफ कप्पा बी हे बटण कर्क्युमिन दाबून धरतं, उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं नुकसान कमी झालेलं दिसलंय. माणसाच्या मज्जारज्जूतली तुटलेली नस त्यानं जुळते हे मात्र सिद्ध झालेलं नाही. अश्वगंधेचंही तेच, प्रयोग उंदरांपुरते.

शिवाय पोटातून कर्क्युमिन रक्तात फार कमी जातं. 1998 च्या एका अभ्यासात मिरीतलं पायपरिन सोबत दिल्यावर माणसांत ते 20 पट जास्त शोषलं गेलं, म्हणून आता तशा कॅप्सूल मिळतात, पण जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत आणि मणक्याच्या दुखापतीच्या पेशंटना बऱ्याचदा रक्त पातळ करायची गोळी चालू असते, तिच्याबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. जेवणातली हळद चालते, कॅप्सूल डॉक्टरांना दाखवूनच. आणि त्या आशेवर फिजिओ बंद करू नका, दर दोन तासांनी कूस बदलणं तर अजिबात चुकवू नका, बेडसोर म्हणजे एका जागी पडून होणाऱ्या जखमा फार लवकर होतात.