पावागडची चढण

पावागडची चढण : गुजरात राज्याच्या पंचमहाल जिल्ह्यातील पावागड डोंगरावर, पायथ्याच्या चांपानेरपासून माथ्यावरील कालिकामातेच्या मंदिरापर्यंत जाणारी पायवाट. वडोदऱ्याच्या ईशान्येस सु. ५० किमी., तालुका हालोल. डोंगराची समुद्रसपाटीपासूनची उंची सु. ८२० मी. मानतात, जुन्या व नव्या मोजण्यांत थोडा फरक आढळतो. वाटेचे पायथा, माची आणि माथा असे तीन टप्पे पडतात. पायथ्यापासून माचीपर्यंत आता मोटाररस्ता आहे. माचीवरून १९८६ पासून रज्जुमार्गही (रोपवे) चालतो, त्यामुळे सगळी चढण पायी करणारे यात्रेकरू कमी झाले आहेत. चांपानेर व पावागड यांचा परिसर २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

डोंगर ज्वालामुखीजन्य खडकांचा आहे, पण तो ज्वालामुखी नाही. जागृत नाही आणि निद्रिस्तही नाही. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत ‘पावागड म्हणजे विझलेला ज्वालामुखी’ असे मुलांना सांगितले जाते, म्हणून हे सुरुवातीलाच नोंदवणे आवश्यक वाटते. इटलीतील एटना किंवा स्ट्रॉम्बोली या जागृत ज्वालामुखींवर वरच्या टप्प्यात अधिकृत वाटाड्याशिवाय जाऊ देत नाहीत आणि उद्रेक वाढला की वाटाच बंद होतात. भारतातला जागृत ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातील बॅरन बेट. तिथे वस्ती नाही, त्यामुळे पायवाटही नाही. पावागडच्या वाटेला असा धोका कधीच नव्हता. तिचे वैशिष्ट्य वेगळे आहे. लाव्हाचे थर थंड होऊन झिजल्यावर जी घडण उरली, तिच्यावर पुढे माणसाने दरवाजे, तळी आणि देवळे बसवली.

नाव : ‘पावागड’ या नावाच्या चार व्युत्पत्ती दिल्या जातात. (१) ‘पावक’ म्हणजे अग्नी, त्यावरून पावकगड. (२) ‘पवन’, कारण माथ्यावर वारा सतत असतो. (३) ‘पाव’ म्हणजे चतुर्थांश. डोंगराचा पाव हिस्साच जमिनीवर दिसतो, उरलेला पाऊण भाग जमिनीखाली आहे, अशी लोकसमजूत. (४) ‘पाद’; सतीच्या उजव्या पायाचे बोट येथे पडले, म्हणून हे शक्तिपीठ.

यांपैकी पहिली सर्वांत प्रतिष्ठित आहे. मध्ययुगीन संस्कृत लेखनात पावकदुर्ग, पावकगिरी अशी रूपे आढळतात. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीनेही अडचण नाही : प्राकृतात स्वरांमधला ‘क’ गळतो, म्हणून पावक – पावअ – पावा ही साखळी सरळ जुळते. मात्र हाच नियम उलट्या दिशेनेही लावता येतो. लोकांच्या तोंडी आधीच असलेल्या ‘पावा’ या नावाला एखाद्या पंडिताने ‘पावक’ असे संस्कृत रूप दिले असेल, तर कागदावरचा पुरावा अगदी असाच दिसेल. सर्व गोष्टी लक्षात घेता ही दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते. ‘पावक’ या नावात ज्वालामुखीची आठवण जपली गेली आहे, हे अलीकडचे स्पष्टीकरण मात्र टिकणारे नाही. येथला लाव्हा ओतला गेला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. ज्या घटनेला कोणी साक्षीदारच नव्हता, तिची आठवण नावात उरणार कशी? ‘पवन’ या शब्दावरून ‘पावा’ साधताना ‘न’ का गळला, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. तिसरी व चौथी व्युत्पत्ती नंतर जुळवलेली दिसते, तरी यात्रेकरूंमध्ये त्याच अधिक सांगितल्या जातात.

‘माची’ या शब्दाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण मराठी माणूस तो ऐकताच ओळखीचे हसतो. बालेकिल्ल्याखालच्या सपाट पट्ट्याला मराठीत माची म्हणतात. राजगडाच्या सुवेळा, संजीवनी व पद्मावती या माच्या प्रसिद्ध आहेत. पावागडची माचीही तशीच, कड्याखालची रुंद सपाटी आहे. त्यामुळे हे नाव मराठ्यांच्या अमलात आले असावे, असे वडोदऱ्यातले अनेक जण मानतात. परंतु गुजरातीत या जागेचे नाव ‘मांची’ असे अनुस्वारासह लिहितात. संस्कृत ‘मंच’वरून आलेल्या मराठी ‘माची’त अनुनासिक उरलेले नाही, गुजरातीत ते टिकले आहे. शब्द मराठीतून गेला असता तर हा अनुस्वार नव्याने कुठून आला, हे सांगावे लागेल. म्हणून दोन्ही भाषांनी एकाच मुळापासून आपापल्या वाटेने हा शब्द घेतला, असे मानणे अधिक सोपे आहे.

खडक : पावागड हा दक्षिण ट्रॅप या लाव्हाथरांच्या समूहाचा उत्तरेकडील एक भाग. या समूहाचा मुख्य उद्रेककाळ सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पावागडला तो शब्दशः लागू पडतो : कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. एका लाव्हाप्रवाहाचा मधला घट्ट भाग सावकाश झिजतो, तो कडा होतो. वरचा सच्छिद्र, ठिसूळ भाग लवकर झिजतो, तिथे सपाटी तयार होते. माची बहुधा अशाच एका सपाटीवर वसली आहे.

सह्याद्रीत खालपासून वरपर्यंत बेसाल्टच बेसाल्ट (लाव्हापासून बनलेला काळा खडक) पाहिलेल्यांना पावागडचा माथा वेगळा दिसतो. खालचे थर बेसाल्टचे आहेत, काही थर मॅग्नेशियमने समृद्ध आहेत. माथ्याकडे मात्र रायोलाइट आणि पिचस्टोन हे सिलिकायुक्त खडक येतात. या फरकाकडे भूवैज्ञानिकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकातच गेले होते. १९०६ मध्ये एल. एल. फर्मर यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या डोंगराच्या लाव्हांवर स्वतंत्र लेख लिहिला. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासाची सुरुवात तिथून होते.

वादाचा मुद्दा असा की, एकाच डोंगरावर हे दोन टोकाचे खडक आले कसे? एका मतानुसार दोन्हींचा उगम एकच. बेसाल्टी शिलारस भूकवचातील कोठीत साठला, जड खनिजांचे स्फटिक आधी तळाला बसले, उरलेला द्रव सिलिकाने समृद्ध होत गेला आणि अखेरीस रायोलाइट म्हणून बाहेर पडला. दुसऱ्या मतानुसार, तप्त बेसाल्टी रसाने भूकवचातील जुने ग्रॅनाइटसारखे खडक वितळवले, आणि रायोलाइटमध्ये त्या वितळलेल्या कवचाचा मोठा वाटा आहे. अलीकडच्या रासायनिक विश्लेषणांवरून दोन्ही प्रक्रिया कमी-अधिक प्रमाणात घडल्या असाव्यात असे दिसते. निव्वळ स्फटिकीभवनाने सगळे स्पष्ट करण्याचा जुना आग्रह आता मागे पडला आहे. माथ्यावरचा काही भाग वाहून आलेल्या लाव्हाचा की पडताक्षणी वितळून चिकटलेल्या तप्त राखेचा, हाही वेगळा प्रश्न आहे.

पिचस्टोन हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. तो काळपट हिरवा, डांबरासारखी चमक असलेला, म्हणजे नैसर्गिक काचच. फुटल्यावर शिंपल्यासारखी वळणदार भेग पडते आणि कड इतकी धारदार निघते की बोट कापते. खालच्या टप्प्यातल्या बेसाल्टात जुन्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांचे दाणे भरलेले दिसतात, लाडवातल्या खसखशीसारखे. उद्रेकाचे मूळ मुख मात्र माथ्यावर नाही. पूर्वी सलग पसरलेले लाव्हाथर झिजत गेले आणि मधला तुकडा उभा राहिला, तो हा डोंगर. त्याचा शंकूसारखा भासणारा आकार झिजेने आला आहे.

वाट : जुनी वाट तटबंदीच्या दरवाज्यांतून चढते. त्यांचा क्रम सामान्यतः अटक, बुढिया, मोती, सदनशाह, गुलन-बुलन, मकाई, तारापूर असा देतात. दरवाजे बहुधा अशा ठिकाणी आहेत जिथे वाट वळते किंवा कड्याच्या फटीतून वर घुसते. त्यामुळे शत्रूला अखेरच्या पावलांत दम टाकत, एका वेळी थोडेच जण करून यावे लागे. वाटेवरील सात कमान या बांधकामाचा पिवळसर वालुकाश्म या डोंगरातला नाही. तो खालून वाहून आणला गेला. माचीपासून मंदिरापर्यंतच्या पायऱ्या दीड-दोन हजारांच्या आसपास सांगतात. बांधकाम वारंवार बदलल्याने नेमका आकडा ठरत नाही. रज्जुमार्गाचे अंतर सु. पाऊण किमी. असून तो शिखरापर्यंत नेत नाही, शेवटच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

सपाट्यांवर तळी आहेत. त्यांची नावे मराठी वाचकाला सहज कळतात : तेलिया, दूधिया आणि छाशिया. ‘छाश’ म्हणजे ताक. छाशियाच्या काठचे लकुलीश मंदिर सु. दहाव्या-अकराव्या शतकातले मानतात, डोंगरावरील उभ्या वास्तूंत ते बहुधा सर्वांत जुने. त्याच्या बाह्यभिंतीवरील शिल्पे बरीच झिजली आहेत. रज्जुमार्गाने येणारे भाविक दूधियापासून सरळ पायऱ्यांकडे वळतात, ही शिल्पे पाहिल्याशिवाय परततात, याचे वाईट वाटते. जैन मंदिरांचे समूह, नवलखा कोठार हे धान्यकोठार आणि टांकसाळीचे अवशेष मुख्य वाटेपासून थोडे आत आहेत.

इतिहास : गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने खीची चौहान राजपुतांकडून हा गड दीर्घ वेढ्यानंतर १४८४ मध्ये घेतला आणि पायथ्याला राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनने वाट टाळूनच गड घेतला. मोगल बखरींनुसार रात्री कड्यात लोखंडी मेखा ठोकून सु. ३०० माणसे वर चढली. त्यांत त्याचा सरदार बैरमखान चाळिसावा व स्वतः हुमायून एकेचाळिसावा होता. चांपानेरचे वैभव त्यानंतर ओसरले. १७२७ च्या सुमारास मराठा सरदार कंठाजी कदम बांडे यांच्या पक्षाच्या कृष्णाजीने गड घेतला व पुढे तो शिंद्यांकडे गेला. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल वुडिंग्टनने तो जिंकला, पण लवकरच शिंद्यांना परत मिळाला. शेजारी वडोदऱ्याला गायकवाड आणि डोंगरावर ग्वाल्हेरकर शिंदे, अशी ही स्थिती १८५३ पर्यंत होती. तेव्हा पंचमहालचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १८६१ च्या अदलाबदलीत प्रदेशही गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने र. ना. मेहता यांच्या नेतृत्वाखाली १९६९ पासून चांपानेरला उत्खनन केले. शहराचे रस्ते व घरे त्यातून उजेडात आली. मंदिराचे शिखर २०२२ मध्ये नव्याने बांधून झाले.

वहिवाट : चैत्र व आश्विन नवरात्रात गर्दी सर्वाधिक असते. वडोदऱ्याहून पायी येणारे संघ बहुधा रात्री चालतात आणि पहाटे पायथा गाठतात. खडक पाहायचे असतील तर पावसाळ्यानंतरचे महिने बरे. तेव्हा कड्यांवरील गवत पिवळे पडू लागते आणि थरांच्या रेषा दुरूनही मोजता येतात.

बाजूच्या वाटा : खापरा झवेरीच्या महालाकडे जाणारी वाट विश्वामित्रीच्या घळीवरून जाते. विश्वामित्री नदी याच डोंगरावर उगम पावते आणि वडोदरा शहराच्या मधून वाहत पुढे ढाढर नदीला मिळते. घळीत खडक उघडे पडले आहेत. पहिल्या पावसानंतर तिथे उभे राहिले तर पाणी थरांच्या सांध्यांतून झिरपून एकाच उंचीवर, एका आडव्या ओळीत बाहेर पडताना दिसते.