'किन्दूनोस': धोका ते 'बहुतेक'

इ.स.पू. ३९९. अथेन्समध्ये जिवावर बेतलेल्या खटल्यात सॉक्रेटिस बोलायला उभा आहे. प्लेटोने लिहून ठेवलेल्या त्या भाषणात तो म्हणतो, एवढ्यापुरता मी बहुतेक खरंच शहाणा असेन. हे 'बहुतेक' मूळ ग्रीकमध्ये क्रियापद आहे: 'किन्दुनेउओ'. त्याचा शब्दशः अर्थ 'मी धोका पत्करतो'.

त्यामागचं नाम 'किन्दूनोस', म्हणजे धोका. पुल्लिंगी शब्द, षष्ठीत 'किन्दूनू', अनेकवचनात 'किन्दूनॉय'. 'अकिन्दूनोस' म्हणजे बिनधोक, आणि त्यातला नकारार्थी 'अ' आपल्या 'अभय'मधल्या 'अ'चा सख्खा भाऊ. मूळ धातूवर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते हा शब्द ग्रीकांच्या आधीच्या कुठल्यातरी भाषेतून आला असावा. होमरच्या काव्यात तर तो सापडतच नाही.

हा धोका बाहेरून कोसळणाऱ्या संकटापेक्षा आपणहून अंगावर घेतलेला असतो, असं मला वाटतं. प्लेटोच्याच 'फायडो' या संवादात आत्म्याच्या अमरत्वावर विश्वास ठेवण्याबद्दल म्हटलंय की हा धोका सुंदर आहे. व्यापारात धोक्याला भावही होता. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याच्या नावावरच्या एका भाषणात सागरी कर्जाचा करार आहे: मेंदे या ग्रीक शहरातल्या दारूच्या ३००० रांजणांवर ३००० द्राख्मा, व्याज हजारी २२५. मात्र स्वातीचा तारा पहाटे उगवू लागल्यावर, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यानंतर, काळ्या समुद्रातून परत निघालात तर हजारी ३००. माल बुडाला तर सावकाराचे पैसेही बुडाले.

पत्करलेली गोष्ट घडेल किंवा घडणार नाही. तिथून 'शक्य आहे'पर्यंत अर्थ घसरायला वेळ लागत नाही. आपणही 'पीक जाण्याची भीती आहे' म्हणतो. फक्त 'पीक चांगलं येण्याची भीती आहे' असं म्हणत नाही. ग्रीक तेही म्हणत.

पुढे बायबलच्या नव्या करारात, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल एकाच वाक्यात हा शब्द आठ वेळा घेतो: नद्या, लुटारू, शहर, रान, समुद्र, खोटे बंधू... पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं, तेव्हा ही माळही त्यांच्या हाताखालून गेली. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये याच शब्दावरून धोक्यांच्या अभ्यासाला 'सिंदिनिक' हे नाव पडलं.

आजच्या ग्रीकमध्ये उच्चार 'किन्दिनोस' झालाय, 'द' अगदी मऊ. क्रियापदही शाबूत आहे, पण त्यातलं 'बहुतेक' गळालं. त्यासाठी आता 'इसोस' म्हणतात, आणि 'किन्दिनोस' विजेच्या खांबावरच्या पाटीवर दिसतो.