गाडी चालवताना ज्ञानेंद्रियांचा वापर

ड्रायव्हर डोळे, कान, नाक, हातपाय आणि अंगाचा तोल या सगळ्यांवरून रस्त्याचा न् गाडीचा जो ठाव घेतो त्याला बोलीत नुसतं 'अंदाज' म्हणतात. अंदाज बसला की गाडी चालवायला आली.

डोळा : ड्रायव्हिंगला लागणारी ९० टक्के माहिती डोळ्यातून मिळते, हे वाक्य सगळीकडे सापडतं, पण आकडा आला कुठून यावर वाद आहे. अमेरिकेतले संशोधक मायकेल सिवाक यांनी १९९६ मध्ये त्याचा माग काढला, तर जो तो आधीच्याकडे बोट दाखवतोय आणि प्रत्यक्ष मोजमापाचा पुरावा काही मिळत नाही. नजर सगळ्यात महत्त्वाची हे त्यांनाही मान्य, फक्त ९० ला आधार नाही. आणि हेच जास्त पटतं, कारण माहिती मोजायची कशात, लिटरमध्ये का किलोमध्ये? वळणाचं तसंच. लँड आणि ली या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की ड्रायव्हर वळायच्या एक-दोन सेकंद आधीपासून वळणाच्या आतल्या कडेकडे बघतो, नंतरच्या काही अभ्यासकांच्या मते मात्र नजर जिथनं गाडी काढायची त्या जागेवर असते. आपल्याकडे लायसनच्या फॉर्म १ मध्ये (तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचा तो) २५ मीटरवरची नंबरप्लेट दिवसा वाचता येते का असं विचारतात. रात्रीसाठी रातांधळेपणाचा प्रश्न आहे, समोरच्या गाडीच्या अप्परचा, म्हणजे डोळे दिपवणाऱ्या हेडलाइटचा नाही.

कान : सोलापूर भागात ऊसाचा सीझन चालू झाला की रात्री डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पुढे असतो, मागं लाल दिवा नाही, रेडियम असलं तर मातीनं झाकलेलं, पण टेप दणक्यात चालू, त्यामुळं काच खाली असली तर ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. ट्रकवाले टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरनं हवा ओळखतात, जोडचाकातलं आतलं टायर बसलं असेल तर ठण्ण वाजत नाही, भद्द वाजतं.

स्पर्श आणि तोल : पुढचं चाक पंक्चर झालं की स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, हे हाताला कळतं. रस्त्यावर सांडलेला ऊस चाकाखाली आला की सीटला कळतं. वेग वाढला-कमी झाला, गाडी वळली हे आतल्या कानातल्या तोलाच्या अवयवाला समजतं, पण एकसारख्या वेगात तो गप्प बसतो आणि डोळा मोठ्या वेगाला सरावतो, म्हणून पुणे हायवेवरनं शंभरनं येऊन सोलापुरात शिरलं की साठचा स्पीड चाळीससारखा वाटतो. अशा वेळी अंदाजापेक्षा काट्याकडे बघितलेलं बरं.

नाक : क्लचप्लेट जळाल्याचा वास, वायर तापल्याचा वास, आणि कूलंट गळत असेल तर गोडसर वास.