हँग्ड मॅनला कुणी टांगलं? बाराव्या पत्त्याची पार्श्वभूमी

टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणं, शिकणाऱ्या कुणालाही विचारा, हँग्ड मॅन (उलटा टांगलेला माणूस) हा पत्ता आला की काय सांगायचं, उत्तर ठरलेलं असतं. थांबा, घाई करू नका, नजर बदला, काहीतरी सोडा मग मिळेल. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात बसणारे, हरमलला किनाऱ्यालगत पाटी लावून बसणारे, आणि आता पणजी-म्हापशात घरबसल्या व्हिडिओ कॉलवर रीडिंग देणाऱ्या आपल्या मराठी बायका-मुली, सगळ्यांच्या तोंडी साधारण हेच. ते चूक नाहीये. पण हा अर्थ जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि पत्ता आहे पावणेसहाशे वर्षांचा, आणि आधीच्या सगळ्या काळात या माणसाला जे म्हटलं जायचं ते आपण रीडिंगमधून पार काढून टाकलंय, आणि माझं ठाम मत आहे की त्यामुळं समोर बसलेल्या माणसाची निम्मी गोष्ट आपल्या हातून निसटते.

आधी पत्ता नीट बघू. आज बहुतेकांच्या हातात असतो तो रायडर-वेट नावाचा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच. टी आकाराचा लाकडी खांब, उजव्या पायाला दोरी, माणूस उलटा लटकलेला, डावा पाय गुडघ्यात वाकवून मागं घेतलेला, हात पाठीमागं. लाल विजार, निळा अंगरखा, पिवळे बूट. डोक्याभोवती तेजोवलय, चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही. आणि खांबाला हिरवी पानं फुटलीयत, जी घाईत कुणी बघतच नाही. आता याच्या शेजारी मार्सेय या जुन्या फ्रेंच धाटणीच्या डेकचा पत्ता ठेवा. वलय नाही. दोन बाजूंना दोन खांब, त्यांच्या फांद्या छाटून टाकलेल्या, नुसते खुंट उरलेत. पोझ तीच, पण हा माणूस ध्यानाला बसलाय असं काही वाटत नाही, त्याला कुणीतरी आणून बांधलंय.

टॅरो जन्मला उत्तर इटलीत, १४४० च्या आसपास, आणि जन्मला तो खेळ म्हणून. नेहमीच्या चार रंगांच्या (काठ्या, पेले, तलवारी, नाणी) ५६ पानांना २२ चित्रांची पानं जोडली, त्यातली जवळपास सगळी हुकमाची. भविष्याचा काही संबंध नाही. आपल्या शेजारच्या सावंतवाडीची गंजिफा बघा ना, दशावताराचे दहा रंग, एकूण १२० गोल पानं, प्रत्येकावर देवादिकांची चित्रं, पण आपले पूर्वज ती खेळायचेच की, त्यातून कुणी लग्न कधी जमेल ते विचारत नव्हतं. इटलीतल्या दरबारी लोकांचं तसंच. आणि खेळणाऱ्या त्या माणसांना हा बारावा पत्ता समजावून सांगायची गरजच नव्हती, कारण असला माणूस त्यांनी गावातल्या भिंतीवर बघितलेला असायचा.

म्हणजे असं, की इटलीतल्या शहरांमध्ये बदनामीची चित्रं काढायची पद्धत होती. गद्दारी केली, दिवाळं काढून पळाला, असा माणूस हाती लागत नसला की शहराचं सरकार चित्रकाराला बोलावून सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर त्याचं चित्र काढून घ्यायचं, एका पायानं उलटा टांगलेला, बऱ्याचदा नावानिशी. शरीर सापडलं नाही तरी अब्रू सापडते ना, तिलाच शिक्षा. आणि हे काम साध्यासुध्या रंगाऱ्यांनी केलेलं नाही. फ्लॉरेन्सला आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकारानं १४४० च्या लढाईनंतर अशी चित्रं काढली, ती इतकी गाजली की लोक त्याला फाशीवाल्यांचा आंद्रेआ म्हणूनच ओळखायला लागले. १४७८ मध्ये पाझ्झी कटानंतर खुद्द बोत्तिचेल्लीनं कटवाल्यांची चित्रं भिंतीवर काढली. त्या भिंती आता उरल्या नाहीत. पण आंद्रेआ देल सार्तोनं १५२९-३० च्या सुमारास अशाच कामासाठी लाल खडूनं केलेली स्केचेस फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयात आहेत, त्यातली एका पायानं लटकलेली माणसं बघितली की हा पत्ता कुठून आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून जुन्या इटालियन याद्यांत या पत्त्याचं नाव कधी फाशी दिलेला असं येतं तर कधी सरळ गद्दार. पॅरिसला जपलेल्या पंधराव्या शतकातल्या एका डेकमध्ये तर त्याच्या दोन्ही हातांत पैशाच्या थैल्या आहेत. लाच घेतलेला माणूस. तीस नाण्यांसाठी येशूला विकणारा ज्यूडास कुणाला आठवला तर ते साहजिक आहे, आपल्याकडं गुड फ्रायडेच्या आठवड्यात ती गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलेली असतेच.

यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट स्फोर्झा घराण्याची. मुत्सिओ आत्तेंदोलो हा भाडोत्री फौजेचा सेनापती, पोपची (खरं तर तेव्हाच्या एका प्रतिपोपची, म्हणजे पोपपदावर हक्क सांगणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची) बाजू सोडून शत्रूकडं गेला, तेव्हा १४१२ च्या सुमारास रोममध्ये त्याची उजव्या पायानं टांगलेली चित्रं लावली गेली, आणि खाली मजकूर, की हा गावंढळ स्फोर्झा, यानं चर्चशी बारा वेळा दगा केला. त्याचा मुलगा फ्रान्चेस्को पुढं १४५० ला मिलानचा ड्यूक झाला, आणि आज सगळ्यात प्रसिद्ध असलेला सोनेरी विस्कोन्ती-स्फोर्झा डेक त्याच घराण्यासाठी रंगवलेला. म्हणजे बापाची जी बदनामी भिंतीवर लागली होती तीच पोझ मुलाच्या घरात पत्त्यावर. आणि त्या पत्त्यावरचा चेहरा शांत आहे. बारा दगे आणि बारावा पत्ता असा मेळ काही जण घालतात, मी घालत नाही, त्या डेकवर आकडे छापलेलेच नाहीत.

मग हा गद्दार संत कसा झाला? पत्त्यांच्या अर्थांची जुन्यात जुनी म्हणून ओळखली जाणारी यादी बोलोन्या शहरातली, १७५० च्या आसपासची, त्यात अजून गद्दाराचा अर्थ विश्वासघात असाच आहे. बदल आला पॅरिसमधून. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानानं लिहून टाकलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. इजिप्तची चित्रलिपी शँपोलियोंनं उलगडली १८२२ ला, म्हणजे हे लिहिताना जेबलँला इजिप्तचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. बाराव्या पत्त्याबद्दल तर तो म्हणाला की पत्ते बनवणाऱ्या अडाण्यानं चित्र उलटं छापलंय, हा माणूस खरा उभाच आहे, एक पाय जपून पुढं टाकणारा, आणि याचा अर्थ सावधगिरी. एतैला नावाच्या पॅरिसच्या भविष्यवाल्यानं हे उचललं आणि आपल्या डेकमध्ये सावधगिरीचा पत्ता घातला. चूक होती, पण तिचा एक तुकडा अजून जिवंत आहे, 'जपून पाऊल टाका' असं आपण या पत्त्यावर म्हणतो ते तिथूनच आलेलं.

एकोणिसाव्या शतकात एलिफास लेवी या फ्रेंच गूढविद्यावाल्यानं पत्त्यांना हिब्रू अक्षरं जोडली, लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळानं (स्थापना १८८८) ती जोडणी बदलून या पत्त्याला मेम अक्षर आणि जलतत्त्व दिलं. रीडर जे पाणी, भावना, वाहणं वगैरे सांगतात त्याचं मूळ इतकंच.

खरा पालट १९०९ चा. आर्थर एडवर्ड वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ, दोघंही गोल्डन डॉनशी जोडलेले, दोघांनी मिळून केलेला डेक लंडनच्या रायडर कंपनीनं काढला. पामेलानं काही महिन्यांत ही सगळी चित्रं काढली आणि पैसे फारच थोडे मिळाले असं तिनंच पत्रात लिहून ठेवलंय, डेकवर मात्र पिढ्यानपिढ्या नाव चाललं प्रकाशकाचं आणि वेटचं, हे आता आता कुठं सुधारतंय. वेटनं आपल्या पुस्तकात स्पष्ट सांगितलं की झाड जिवंत आहे, चेहऱ्यावर यातना नसून तंद्री आहे, हे थांबलेलं आयुष्य आहे, मरण नाही. झालं, गद्दार गेला, साधक आला. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत सोपी पुस्तकं निघाली, डेक पुन्हा छापले गेले, हिप्पींनी ते उचलले, आणि त्याच वर्षांत हिप्पी कळंगुट-हणजूणच्या किनाऱ्यावर उतरले. गोव्यात जो हँग्ड मॅन पोचला तो हा, वलयवाला.

आता रीडिंगमध्ये याचं करायचं काय. आपण देवळात कौल लावतो तेव्हा पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, उत्तर तिथंच मिळतं. टॅरोत तसं नसतं, पत्त्याच्या पोटात एकावर एक साचलेले अर्थ असतात आणि त्यातला कुठला वर आलाय ते शेजारचे पत्ते सांगतात. फोंड्याकडची एक ताई आली होती, भागीदारीतलं दुकान मोडलेलं, तिचा प्रश्न होता पुढं काय करू. मध्ये हँग्ड मॅन, एका बाजूला पाच तलवारी, दुसरीकडं सहा काठ्या उलट्या. तलवारींच्या त्या पत्त्याला वेटच्याच यादीत बदनामी हा अर्थ आहे, आणि सहा काठ्या म्हणजे घोड्यावरचा विजयी वीर आणि भोवती लोक, तो उलटा पडलेला. मी तिला थांबा-धीर धरा सांगितलंच नाही. विचारलं, गावात तुमच्याबद्दल काय बोलतायत? त्यावर ती जी बोलायला लागली, की पैसे हिनंच खाल्ले अशी कुजबुज आहे, जत्रेला जायचं बंद केलंय, वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका बघून न बघितल्यासारखं करतात, दुकानाचा विषय तर मागंच पडला. तिला भागीदारीनं टांगलं नव्हतं, वाड्यानं टांगलं होतं.

म्हणून मी हा पत्ता आला की पहिला प्रश्न हाच धरते, दोरी कुणी बांधली. स्वतः बांधली असेल, तर वेटचा अर्थ लागू, शेजारी हर्मिट (एकांतवासी) किंवा चार तलवारींसारखे एकांताचे पत्ते असतात आणि तिथं थांबा म्हणणंच बरोबर. दुसऱ्यांनी बांधली असेल, तर त्या माणसाला त्यागाचा उपदेश करणं म्हणजे ज्याची आधीच अब्रू गेलीय त्याला अजून सोडून दे म्हणून सांगणं, आणि ते मला क्रूर वाटतं. तेव्हा शेजारी जस्टिस, म्हणजे न्यायाचा पत्ता, असेल तर तो महत्त्वाचा, तोंडी काय ठरलं होतं, कागदावर काय आहे, बाजूनं बोलणारं कोण आहे, हे विचारावं.

आणि पत्ता उलटा आला तर बहुतेक जण अडकलेपण सुटलं असं सांगून मोकळे होतात. वेटनं उलट्या पत्त्याचे अर्थ तीनच दिलेत, स्वार्थ, गर्दी आणि समाज. शिकवताना हे शेवटचे दोन शब्द अनेक जण विचित्र म्हणून गाळतात. पण भिंतीवरच्या त्या चित्रांसमोर उभं राहून बघणारी माणसं होतीच की, वेटनं चित्रातून गद्दार काढला तरी त्याला बघायला जमलेली गर्दी त्याच्या यादीत राहिलेली आहे, आणि उलटा हँग्ड मॅन आला की मी तरी आधी तिच्याबद्दलच विचारते.